राहून गेलेली थप्पड

आधी पाठीत धपका बसायचा आणि मग आवाज यायचा, "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" जे काही बरं असायचं ते त्या धपक्यानं निम्म्यावर यायचं. खिशातलं पेन उडून रस्त्यावर, डोळ्यांपुढं काजवे, आणि मागं वळून बघावं तर मिस्त्री कमरेवर हात ठेवून हसत उभे! जणू मोठी मेहरबानी केली.

मिस्त्री उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत होते. वाळूचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. मी शाळेत हिंदी शिकवायचो. आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. असा शेजार तुम्हालाही कधी लाभला असेल तर माझ्या पाठीचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माणूस तापट म्हणजे किती तापट! शब्दाआधी हात चालायचा. पण त्या हाताला एक कायदा होता. ज्याला मारलं त्याच्यासमोर लगेच आपला डावा गाल करायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "घे, हाण. फिट्टंफाट." समोरच्यानं हाणलीच पाहिजे. एकदा स्टँडवर एका टांगेवाल्याशी जुंपली. मिस्त्रींनी त्याच्या कानाखाली काढली आणि रीतीप्रमाणं गाल पुढं केला. टांगेवालाही घोड्यांना आवरणारा गडी. त्यानं अशी ठेवून दिली की मिस्त्रींचा दात हलला. रक्ताची पिंक टाकत मिस्त्री म्हणाले, "हां! ह्येला म्हनत्यात हात!" आणि त्याला भजी खायला घेऊन गेले. पुढं तो टांगेवाला त्यांच्या घरच्या लग्नात पंक्तीला वाढत होता.

परत न मारणाऱ्याशी मात्र त्यांना बोलता यायचं नाही. गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान होतं. मालक जैन, मुंगी दिसली तरी पाऊल चुकवणारा. डाळीत खडे निघाले म्हणून मिस्त्रींनी त्याला चापट मारली, गाल पुढं केला, तर तो म्हणाला, "असू द्या हो, झालं गेलं." झालं! मिस्त्री तीन दिवस त्याच्या दुकानासमोर उभे. "मार की लेका! मला भाकर ग्वाड लागंना." चौथ्या दिवशी त्या बिचाऱ्यानं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत डोळे घट्ट मिटून एक चापटी लावली. मिस्त्री खुश होऊन किलोभर डाळ घेऊन घरी गेले.

मला त्यांनी कधी गाल दिला नाही. पाठीतला धपका हा मार नव्हेच, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसरं वेड नदीचं. पंचगंगा पुलाच्या कमानींना लागली की मिस्त्री फौंड्रीला दांडी मारून पुलावर हजर. कठड्यावर चढायचे, मिशीवर हात फिरवायचे आणि त्या गढूळ, फेसाळ लोंढ्यात उडी. हा बाबा अर्ध्या मैलावर बाहेर निघून ओल्या अंगानं गाणं म्हणत परत यायचा. मी एकदा विचारलं, भीती कशी वाटत नाही? तर म्हणाले, "मास्तर, पुरात कडंनं जानारा मरतोय. कडंला बाभळी, काट्याची कुपाटी, बुडल्याली इहीर. मधली धार साफ असती. कडंला काटं, मधनं वाट!" हे त्यांचं ब्रीद. रस्त्यानं मधून चालायचे, फटफटी मधून चालवायचे, आणि कुठं मारामारी दिसली तर तिच्याही मधूनच जायचे.

नदीचा त्यांचा दुसरा धडा असा, की बुडत्याला आधी बुक्की हाणायची. बुडणारा मिठी मारतो आणि दोघंही जातात. नाकावर एक बसली की तो सैल पडतो, मग केस धरून ओढून आणायचा. चार-पाच माणसं त्यांनी अशी काढली. त्यातल्या दोघांची नाकं कायमची वाकडी झाली, पण ती नाकं घेऊन ते अजून हिंडताहेत.

आता माझी चूक सांगतो. हिमनदी हा शब्द त्यांच्या कानात मी घातला. एका संध्याकाळी कट्ट्यावर मास्तरकी करत बोलून गेलो, की हिमालयात बर्फाच्या नद्या असतात, दिसायला थिजलेल्या पण आतून वाहत्या. मिस्त्रींच्या हातातली बिडी तशीच राहिली.

"नदी हाय, आनि तिच्यावरनं चालाय येतंय?"

"येतं की."

"मग ह्या कोल्हापुरात काय करालोय आपुन?"

आणीबाणीच्या आधीची दोनएक वर्षं असतील. मे महिन्यात एका सहलवाल्याच्या बसमधून आम्ही दोघं आपापल्या घरच्या मंडळींसह काश्मीरला गेलो. बागा, शिकारे, गालिचे, कशात मिस्त्रींचा जीव नव्हता. "नदी कवा?" एवढंच. शेवटी एक दिवस श्रीनगरहून सोनमर्गला नेलं. दिवसभर बर्फ बघायचं, चहा प्यायचा, संध्याकाळी परत. बायका खाली कुरणावरच थांबल्या. वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी, एवढंच म्हणाल्या, "आवं, घरच्या नदीगत उड्या मारू नगासा." मिस्त्रींनी भगवा फेटा बांधला होता. बर्फात फेट्यानं फोटो काढायचा आणि फौंड्रीत लावायचा, असा बेत होता.

घोडी घेऊन आमच्याबरोबर आला तो रमजान. तिशीचा असेल. उंच, काटक, अंगात ढगळ फेरन, डोक्यावर लोकरीची टोपी. बोलणं कमी. वाटेत त्यानं घोड्याच्या मानेवरून दोनदा हात फिरवला तेवढाच काय तो त्याचा संवाद.

बर्फ लागलं तिथं घोडी बांधली आणि आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधल्या घळीत वरपासून खालपर्यंत नुसतं बर्फ. वर कुठंतरी ते तडकत होतं आणि तोफ उडाल्यासारखा आवाज दरीभर घुमत होता. मी कड्याला पाठ लावून उभा राहिलो. मिस्त्री मात्र लहान पोरासारखे नाचायला लागले. खाली वाकले, कान बर्फाला लावला. "मास्तर, वाहतीय! आत वाहतीय रांड!"

खरंच वाहत होती. बर्फाखालून पाण्याची घरघर येत होती.

मिस्त्रींना पलीकडच्या कड्याशी जायचं होतं. रमजान म्हणाला, "साहब, किनारे किनारे ऊपर जाएँगे, उधर से घूमके आएँगे. बीच में नहीं. बीच में नीचे पानी है, बर्फ पतला है."

मी हिंदीचा मास्तर. त्याचा शब्दन् शब्द मला कळला. मिस्त्रींना 'पानी' तेवढं कळलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "पानी हाय? मग मधनंच! कडंला काटं, मधनं वाट!"

ते निघाले. रमजाननं पुढं होऊन त्यांची बाही धरली. "नहीं साहब." मिस्त्रींनी झटकली. त्यानं परत धरली, या वेळी दोन्ही हातांनी. आणि मिस्त्रींचा हात चालला. फौंड्रीत लोखंड उचलणारा हात तो. फाडकन आवाज झाला. रमजानची टोपी उडून बर्फावर घरंगळत गेली, तो गुडघ्यावर बसला, ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं.

मिस्त्रींनी रीतीप्रमाणं डोळे मिटले आणि डावा गाल पुढं केला. "घे, हाण. फिट्टंफाट."

त्या परमुलखातल्या माणसाला ही कोल्हापुरी रीत कुठून ठाऊक असणार? आणि मी, दोन्ही भाषा येणारा शहाणा, मला तरी ती सांगायचं कुठं सुचलं? तो उठला, टोपी आणली, दोनदा झटकून डोक्यावर घातली. आमच्याकडं न बघता कडेकडेनं चालू लागला. मिस्त्री गाल पुढं करून तसेच उभे. डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं.

"ह्यो काय मानूस हाय?" ते पुटपुटले. मग माझ्याकडं वळले. "चला वो मास्तर, माझ्या पावलात पाऊल टाका."

आणि मी टाकलं. आज इतक्या वर्षांनी सुद्धा माझा मलाच संताप येतो. ज्याला ठाऊक होतं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, मला कळलं होतं, तरी मी आपल्या गल्लीतल्या माणसाच्या मागं गेलो.

वीस पावलं गेलो असू. मिस्त्री पुढं, मी मागं. मध्यावर बर्फ जरा खाली दबलेलं, करड्या रंगाचं होतं. मिस्त्री पार झाले. मी पाय टाकला आणि पायाखालून जमीनच गेली.

छातीपर्यंत गेलो आणि अडकलो. बर्फाची कड काखांत रुतली, आणि खाली पाय पाण्यात. पाणी कसलं, दातच होते ते. धार पाय धरून खाली ओढत होती. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. मिस्त्री वळले, एका ढांगेत आले आणि वाकले. मी त्यांच्या दंडाला मिठी मारली, अशी की ते तोंडावर आपटले आणि त्यांच्या छातीखालचंही बर्फ कुरकुरलं.

तेव्हा त्यांनी मला मारलं. नाकावर, बंद मुठीनं, सगळा जोर लावून. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. नदीचाच धडा तो. बुडत्याला आधी बुक्की. पण नदीत सैल पडलेला माणूस तरंगतो. मी सैल पडलो आणि सरळ खाली घसरलो. पाणी गळ्याशी आलं. बर्फात एक दगड गोठलेला होता, त्याला माझं कोपर अडकलं, एवढ्यावर मी राहिलो. वर मिस्त्रींचा चेहरा दिसत होता. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आपल्या हातून काय झालं हे त्या माणसाला कळलं होतं.

"मास्तर! आरं मास्तर!" ते किंचाळत होते. पुराला न भ्यालेला माणूस बाईसारखा हंबरडा फोडत होता.

मग दुसरा आवाज आला, अगदी शांत. "लेट जाओ. हिलो मत. पगड़ी दो."

रमजान पोटावर सरपटत आला होता. मिस्त्री आडवे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाचं तरी ऐकत होते. फेटा सुटला. रमजाननं मिस्त्रींना मागं कडेला ढकललं, आपले दोन्ही घोटे त्यांच्या हातात दिले आणि स्वतः डोकं खाली करून छातीपर्यंत त्या भोकात उतरला. फुटलेला ओठ माझ्या कपाळाला लागत होता. त्यानं फेट्याचा पिळा माझ्या काखांखालून घेतला, गाठ मारली आणि ओरडला, "खींचो!" मिस्त्रींनी ओढलं. माझ्या नाकाचं रक्त फेट्यावर, रमजानच्या फेरनवर, बर्फावर. बरगड्या मोडतील असं वाटलं. मग आभाळ दिसलं.

रमजाननं आपला फेरन काढून माझ्या अंगात घातला. माझे पाय मांडीवर घेऊन चोळत बसला, स्वतः नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत. मिस्त्री बाजूला बसले होते. काहीतरी करायला म्हणून माझे बूट पुसत होते.

खाली घोड्यांपाशी आल्यावर मिस्त्री त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. डोकं उघडं, डोळे मिटलेले, डावा गाल पुढं. "मार."

मी तोंडाला रुमाल धरून कशीबशी ती रीत हिंदीत समजावली. रमजाननं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "साहब, आप मेहमान हैं."

"पावणा न्हाय मी, मार!" मिस्त्रींनी त्याचा हात धरला आणि आपल्या गालावर आपटायला लागले. त्यानं हात हळूच सोडवून घेतला. "हम नहीं मारता साहब." आणि घोड्याचा पट्टा आवळायला वळला. मिस्त्रींनी शेजारच्या खडकावर इतक्या जोरानं मूठ मारली की सालटी निघाली. तीच मूठ, माझ्या नाकावर बसलेली.

परतीच्या प्रवासात ते जेवले नाहीत. वहिनींनी तीनदा डबा पुढं केला. शेवटी म्हणाल्या, "मास्तर जित्तं हाईत न्हवं? मग कशापायी उपास?" हे म्हणाले, "त्येनं मारलं न्हाय." वहिनींनी कपाळाला हात लावला आणि डबा बंद केला.

त्यानंतर गल्लीत काय झालं ते सांगतो. मिस्त्री मागून आले की मी सवयीनं खांदे आवळायचो, पण धपका यायचाच नाही. नुसता आवाज. "मास्तर, बरं हाय न्हवं?" एकदा वळून पाहिलं तर हात वर उचललेला, आणि तिथंच थांबलेला. त्यांनी तो खाली घेऊन विजारीला पुसला. सुटलो म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगतो, त्या धपक्यावाचून मला करमेना.

पावसाळ्यात पूर आला, पुलावर गर्दी जमली, पोरांनी आरोळ्या दिल्या, "मिस्त्री, टाका उडी!" मिस्त्रींनी थोडा वेळ पाण्याकडं बघितलं आणि घरी आले. रस्त्याच्या कडेकडेनं, गटाराला लागून.

दर दिवाळीला ते पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडं यायचे. रमजान घोडेवाला, सोनमर्ग. मजकूर ठरलेला. "लिवा, कोल्लापुरास ये, मार, आन् जेवून जा." मी हिंदीत लिहायचो. चौथ्या की पाचव्या वर्षी उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'साहब, हम भूल गया, आप भी भूल जाइए. मास्टर साहब की नाक कैसी है?' मी ते मोठ्या आनंदानं वाचून दाखवलं. मिस्त्री उसळलेच. "माफ करतोय मला? मी माफी मागिटली का? मार मागिटला मी!" कार्ड हिसकावून घेतलं, फाडायला धरलं, आणि न फाडता खिशात घातलं.

यंदा आपणच सोनमर्गला जायचं, यंदा नक्की, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. फौंड्रीतल्या धुरानं आणि वाळूनं छाती धरली. दमा म्हणत होते, पण दम्याहून वाईट होतं. दहा-बारा वर्षांत त्या दांडग्या देहाचा सापळा झाला.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वहिनींनी मला बोलावलं. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. श्वास भात्यासारखा वाजत होता.

"मास्तर, त्येच्या नावानं तुम्ही हाणा."

"काय बोलताय मिस्त्री!"

"मला जाऊ द्याचं न्हाय का? हाणा की." आणि डोळे मिटून त्यांनी तो गाल पुढं केला. गाल कुठला, नुसती कातडी.

मी तळवा गालावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "गोंजारतायसा काय? हाणा!"

मी हाणली. जन्मात कुणावर हात न उचललेला मी, वर्गातल्या पोरांनाही छडी न लावलेला, त्या मरणाऱ्या माणसाच्या थोबाडीत मी सणसणीत हाणली. मारताना मला रडू फुटलं. नाकाची जुनी मोड ठणकली. वहिनी चुलीपुढून धावत आल्या आणि दारात थबकल्या.

मिस्त्रींनी गाल चाचपून बघितला. गालावर माझी बोटं उठली होती. ते जरासे हसले.

"बरा हाय हात," म्हणाले. "ह्ये तुमचं फिटलं मास्तर. नाकाचं." मग दम घेऊन, मान हलवत म्हणाले, "त्येचं ऱ्हायलंच."

तिसऱ्या दिवशी ते गेले. तिरडीवर ठेवल्यावर कुणीतरी म्हणालं, फेट्याशिवाय मिस्त्री कसे दिसतील. वहिनी आत गेल्या आणि ट्रंकेतून तोच भगवा फेटा घेऊन आल्या. सोनमर्गनंतर तो त्यांनी कधी बांधला नव्हता. वहिनींनी किती वेळा धुतला असेल, तरी माझ्या रक्ताचा डाग गेला नव्हता, विटकरी होऊन राहिला होता. बांधणाऱ्यानं शेवटचा पदर खाली सोडला तो नेमका डाव्या गालाशी आला, डाग वर.

"डाग दिसतोय," तो म्हणाला, "आत दुमडू का?"

मी म्हणालो, "नको. राहू दे."